मान हलवून वाचणे

आमच्या जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत; पण हद्द कुठे ते कळतं. माझा जुना बायफोकल तसाच सरळमार्गी होता. वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ. आता नंदुरबारच्या चष्मेवाल्याने प्रोग्रेसिव्ह गळ्यात, म्हणजे नाकावर मारला. बर्नार मेतनाझ या फ्रेंच इंजिनिअरची ही करामत १९५९ साली बाजारात आली. यात रेघच नाही. नंबर वरून खाली गुपचूप बदलत जातो. वाचायची जागा मात्र तळाशी, बोळाएवढी अरुंद, आणि दोन्ही बाजूंना धुकं. नुसते डोळे फिरवून भागत नाही. हनुवटी उचलायची आणि ओळीबरोबर नाकही डावीकडून उजवीकडे न्यायचं.

परवा मुलीला स्थळ आलं. मुलाची माहिती लिहिलेला कागद पाहुण्यांसमोरच वाचायला घेतला. शिक्षण, नोकरी, शेती. दर ओळीला मान ठामपणे हलत होती. मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात आमची ही आतून धावत आली.

"अहो, तो नकार नाही! ह्यांचा नवा चष्मा आहे!"

त्यांनी कागद परत घेतला आणि स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. मान जराही न हलवता. त्यांचा बायफोकल होता.