मुक्या स्वराचें बोलणें

फ्रेंच शिकूं पाहणाऱ्या आमच्याकडील पुष्कळ मंडळींचें म्हणणें असें असतें, कीं आपणांस ती भाषा केवळ वाचावयाची आहे. मग उच्चाराची यातायात हवी कशाला? हें म्हणणें ऐकून घेण्याइतके आम्ही सोशिक आहों, पण मान्य करण्याइतके नाहीं. उच्चार कानांत नसेल तर वाचनही अपुरें राहतें, हें दाखविण्यास त्या भाषेंतील संकेतार्थी क्रियापद एकटें पुरेसें आहे.

'शाँते' म्हणजे गाणें. 'मी गाईन' याला 'झ शाँत्‌रे' म्हणतात. आणि 'कोणी ऐकतें, तर मी गातों' यांतील 'मी गातों' याला 'झ शाँत्‌रॅ'. वचन आणि इच्छा यांत अंतर काय तें शेवटचा स्वर मिटला कीं उघडला एवढेंच. आणि पॅरिसमधील पुष्कळांच्या तोंडीं आज तेंही उरलेलें नाहीं. तेथें अर्थ संदर्भावरूनच घ्यावा लागतो.

या रूपांत 'त' आणि 'र' यांच्यामध्यें एक स्वर लिहितात. व्याकरणांत त्याला 'मुका' म्हटलें आहे. नित्याच्या बोलण्यांत शाँत्‌-रॅ अशीं दोनच अक्षरें ऐकूं येतात. परंतु तोच शब्द जुन्या पद्धतीच्या कवितेंत आला, कीं शाँ-त-रॅ अशीं तीन अक्षरें मोजावीं लागतात. तेथें तो स्वर गिळला, तर बारा अक्षरांची ओळ अकरांवर येऊन लंगडते. म्हणजे जो 'केवळ वाचणारा' तोच येथें अडतो!

याहून मौज पुढें आहे. 'आम्ही' या कर्त्याबरोबर रूप होतें शाँ-त-र्‍यों. येथें मुका स्वर साध्या बोलण्यांतही बोलतो. कारण तो गप्प राहिला, तर त, र आणि य हीं तीन व्यंजनें एकमेकांवर आदळतील. 'विकणें' या अर्थाच्या 'वाँद्र' या धातूंत 'द' व 'र' यांच्यामध्यें असा स्वरच नाहीं. तेव्हां तेथें प्रत्ययच फुटून वाँ-द्रि-यों असें होतें. जिभेची सोय हाच दोहींकडे न्याय.

इंग्रजींत मुरलेला विद्यार्थी येथें गोंधळतो. एका अक्षरावर आघात देऊन बाकीचीं चिरडावयाचीं, ही त्याची संवय. परंतु याच विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेंत काय चालतें? 'समजा' हा शब्द आपण सम्‌-जा असा बोलतों आणि 'समजले' हा स-मज्‌-ले असा. 'म' मधील अकार एके ठिकाणीं लोपतो, दुसऱ्या ठिकाणीं स्पष्ट उभा राहतो. अक्षरगणवृत्तांत मात्र 'समजा' हा शब्द 'स' गण होऊन तीन अक्षरांची जागा घेतो. हें कोणी शिकविलें नाहीं. आईच्या बोलण्यांतून तें आलें. वर्गांत 'समजा' चें उदाहरण दिलें, कीं 'शाँत्‌रॅ' चा परकेपणा निम्मा ओसरतो, असा आमचा अनुभव आहे. तरीही फ्रेंचकडे जाणारी आमची वाट अजून इंग्रजीच्याच अंगणांतून जाते, याचें आम्हांस वाईट वाटतें.

म्हणून आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं त्या भाषेंतील कविता हातीं घेतल्यास ती मोठ्यानें वाचावी आणि अक्षरें बोटांवर मोजावीं. बारांच्या ओळींत अकराच भरलीं, तर दोष कवीचा नव्हे, असें खुशाल समजावें.