गिअरबॉक्सची पत्रिका

जुन्या गाडीत दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "बसेल का रे?" दोन महिने हा उद्योग केल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न अपुरा आहे. बसतं बरंच काही. नांदेल का, ते विचारा!

गाडी म्हणजे माझी १९७८ ची शेवरोले पिकअप. मुक्काम ह्यूस्टन, इंजिन ३५० क्युबिक इंचांचं व्ही-८. मूळ गिअरबॉक्स टर्बो हायड्रामॅटिक ३५०, तीन गिअरचा आणि गाढवासारखा कष्टाळू. पण तिसरा गिअर १:१, मागचा ॲक्सल ३.७३ चा, टायर २८ इंची. म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन साधारण २९०० फेऱ्या मारत बोंबलणार. त्यात तो आता घसरायलाही लागला होता. तोच दुरुस्त करायचा, की ओव्हरड्राइव्हवाला आणायचा? खर्च दोन हजार डॉलरच्या पुढे, आणि बायकोचं स्पष्ट मत, "अरे, एवढ्यात सेकंडहँड होंडाचं डाऊन पेमेंट होईल." थोडक्यात, प्रयोग फसून चालणार नव्हतं.

स्थळं दोन. पहिलं ७००आर४. १९८२ ला आलेला, चार गिअर, ओव्हरड्राइव्ह ०.७०. दुसरं त्याचाच इलेक्ट्रॉनिक वारसदार, १९९३ चा ४एल६०ई.

बोल्टांचे गुण बघा. शेवरोलेच्या या व्ही-८ चा मागचा बोल्ट पॅटर्न १९५५ पासूनचा, त्यामुळे मूळ ७००आर४ सरळ लागतो. (ब्युइक-पॉन्टिॲकचा पॅटर्न वेगळा, तिथे फसू नका.) क्रॉस मेंबर सुमारे २ इंच मागे सरकवा. जुन्या गिअरबॉक्सची शेपटी ६ इंची असेल तर प्रोपेलर शाफ्ट ३ इंच कापून घ्या. झालं, कंपाइल झालं!

पण रनटाइमचं काय? ड्रायव्हरने पेडल किती दाबलंय हे गिअरबॉक्सला सांगणार कोण? खरी मेख इथे आहे. जुना ३५० ते इंजिनच्या व्हॅक्युमवरून ओळखतो, एका रबरी नळीतून. ७००आर४ ला ते टीव्ही केबल सांगते. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, दूरदर्शन नव्हे :) ही केबल गिअर कधी बदलायचा एवढंच नाही, तर आतल्या तेलाचं प्रेशरही ठरवते. ती सैल राहिली तर प्रेशर कमी, क्लच घसरतात आणि जळतात. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या गाडीत एका गॅरेजने सगळे बोल्ट व्यवस्थित आवळले आणि केबल अंदाजाने लावली. नवा गिअरबॉक्स पन्नास मैलही टिकला नाही.

४एल६०ई मध्ये केबलच नाही, प्रेशर सॉलेनॉइड सांभाळतो. पण त्याला हुकूम देणारा कंट्रोलर हवा, त्या कंट्रोलरला थ्रॉटल सेन्सर हवा, आणि माझा केबलवर चालणारा स्पीडोमीटर बिनकामाचा. लॅपटॉप जोडून शिफ्ट पॉइंट बदलायचा मोह प्रचंड होता, खोटं कशाला बोलू! पण दिवसभर डीबगिंग केल्यावर शनिवारी परत तेच? नको.

शेवटी १९८७ चा ७००आर४ घेतला, कारण तोवर त्यात बऱ्याच सुधारणा झाल्या होत्या. माझ्या कार्ब्युरेटरच्या काळात ही केबल नव्हतीच, म्हणून योग्य भूमितीची ब्रॅकेट वेगळी घेतली. टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपसाठी प्रेशर स्विच आणि एक वायर. आणि मेकॅनिककाकांना सांगितलं, प्रेशर गेज लावून केबल सेट केल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही. ते हसले, म्हणाले, असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित येतं.

आता ६५ ला साधारण २०५० फेऱ्या. पहिला गिअरही २.५२ ऐवजी ३.०६, त्यामुळे सिग्नलला गाडी झटकन उठते.

तुम्ही असा घाट घालणार असाल तर टेप घेऊन गाडीखाली शिरण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा: माझ्या पायाचा निरोप या गिअरबॉक्सपर्यंत कसा पोचणार? उत्तर लिहिता आलं, तरच पैसे मोजा.