रजेचा हिशोब

कनेरगाव नाका,
जि. हिंगोली

चि. माई,


नांदेड, अकोला, छत्रपती संभाजीनगर, मुंबई आणि पुण्यातलं एक डीएनबी हॉस्पिटल, अशी पदव्युत्तर प्रवेशासाठीची पाच नावं आणि प्रत्येकापुढे रजेचे आकडे लिहून पाठवलेस. खाली विचारलंस, "सगळीकडे जवळजवळ सारखंच दिसतंय मावशी, मग निवडू कशावरून?" फोनवर हे सांगायला बसले तर मध्येच दवाखान्यात कुणीतरी तापाचं लेकरू घेऊन येतं, म्हणून सावकाश लिहिते.

आकडे सारखे दिसतात, कारण ते कॉलेजचे नाहीतच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांनी वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा, आठवड्याला एक सुट्टी आणि ५ दिवस शैक्षणिक रजा देशभर ठरवून टाकली आहे. बेरीज केलीस तर ७७ दिवस होतात. तुझ्या आईला हा आकडा सांगू नकोस, ती आत्तापासून लाडू वळायला घेईल! पण त्यातली साप्ताहिक सुट्टी 'कामाची निकड पाहून' द्यायची आहे. १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेतही सलग १२ तासांहून जास्त काम सहसा देऊ नये आणि आठवड्याला एक सुट्टी पाळीपाळीने द्यावी, असं लिहिलेलं होतं. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्याच्या कृती गटाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात निम्म्याहून जास्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नसल्याचं सांगितलं. आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस त्या गटाने केली. शिफारस म्हणून ७४ लिहावे लागले, यावरून प्रत्यक्षात काय चालतं ते ओळख.

आता रजा जाते कुठे, ते बघ. समज, एका युनिटमध्ये दर वर्षाचे दोन, म्हणजे सहा रेसिडेंट आहेत. थर्ड इयरचे दोघे परीक्षेच्या अभ्यासात आहेत. सेकंड इयरची एक मुलगी तीन महिन्यांसाठी जिल्हा रुग्णालयात गेली आहे, कारण तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीतरी हे जिल्हा निवासी प्रशिक्षण सगळ्यांनाच करावं लागतं. उरले तिघं. त्यातल्या एकाला कावीळ झाली की उरलेल्या दोघांनी ओपीडी, वॉर्ड, ओटी आणि इमर्जन्सी ओढायची. अशा वेळी तू भावाच्या साखरपुड्याला दोन दिवस मागितलेस, तर एचओडी सही करतीलही. पण ते दोन दिवस तुझ्या जोडीदाराच्या झोपेतून वजा होतात. हे माहीत असल्यामुळेच बहुतेक पोरं अर्ज करत नाहीत आणि २० दिवस कागदावर राहतात. रजा मंजूर करतो नियम, पण देतो तो तुझा को-रेसिडेंट.

२०२१ च्या नीट पीजीचं आठवतं? परीक्षा सप्टेंबरात झाली आणि प्रवेशाची फेरी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तोवर नवी तुकडी नाही, आणि काम मात्र तेवढंच. रजेचा नियम कुणी बदलला नव्हता, फक्त माणसं कमी होती. डिसेंबरात दिल्लीतले रेसिडेंट रस्त्यावर उतरले ते यामुळेच.

म्हणून कॉलेजला फोन करून "रजा किती?" विचारू नकोस. त्या विभागातल्या सेकंड इयरला गाठ. फर्स्ट इयरला बोलायला वेळ नसतो, आणि थर्ड इयरला मागचं सगळं गोड वाटायला लागलेलं असतं. युनिटमध्ये दर वर्षाचे किती जण आहेत, सगळ्या जागा भरल्या आहेत का आणि मध्येच सोडून गेलेले किती, ते विचार. ड्यूटीचा तक्ता कोण लावतं आणि इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी किती वाजता सुटका होते, तेही. रात्रभर जागून दुपारी खोलीवर येऊन पडणं म्हणजे सुट्टी नव्हे; ती तक्त्यात 'ऑफ' म्हणून मांडत असतील तर लक्षात ठेव. रक्ताचे नमुने लॅबला कोण नेतं, ट्रॉली कोण ढकलतं, हे विचारायलाही लाजू नकोस. जिथे सेवक आणि सिस्टर पुरेशा, तिथे डॉक्टरला घरी जाता येतं. आणि शेवटचा प्रश्न: मागच्या महालक्ष्म्यांना किंवा दिवाळीला तुम्ही घरी गेलात का, आणि तुमच्या जागी कोण उभं राहिलं? प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर पटकन आलं तर तो विभाग चांगला.

डीएनबीला, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमाला, वर्षाला ३० दिवस रजा आहे, हे तुझ्या तक्त्यात उठून दिसतं. पण तिथे एका विभागात एका वर्षाचे एकदोनच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे हेच प्रश्न तिथेही विचारायचे.

एक विषय तुझ्या तक्त्यात नाही. लग्नाचं अजून काही नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुझी आई हे विचारणार नाही. प्रसूती रजा सरकारी नियमांप्रमाणे मिळते. पण नेमलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दिवस झाले की टर्म तितकी पुढे जाते, आणि विद्यापीठाची परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा ठरलेल्या सत्रांतच होते. म्हणून परीक्षेला नेमकं कोणत्या सत्रात बसता येईल आणि बाँडची सक्तीची सेवा तिथून कधी सुरू होईल, हे लेखी विचारून घे. आजारपणाचंही तसंच. वॉर्डात काम करताना क्षयरोग झालेले रेसिडेंट कमी नाहीत. त्या विभागात असं कुणाला झालं असेल तर पुढे काय केलं, ते विचार.

अमेरिकेतल्या मुलांना हे सगळं आधी कळतं. तिथे मुलाखतीला बोलावलेल्या उमेदवाराला रजेच्या अटी लेखी द्याव्या लागतात, आणि २०२२ पासून आजारपण, बाळंतपण किंवा घरच्यांच्या देखभालीसाठी प्रशिक्षणात एकदा तरी ६ आठवडे पगारी रजा देणं रेसिडेन्सी कार्यक्रमांना बंधनकारक आहे. तिथेही हे सहज मिळालेलं नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लिबी झायन नावाची मुलगी गेली, तेव्हा थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांच्या तासांवर पहिल्यांदा गदारोळ झाला. आठवड्याला ८० तासांची देशव्यापी मर्यादा यायला २००३ उजाडलं. आपल्याकडे मुलाखतच नाही. रँक लागते, तू पसंतीक्रम भरतेस आणि जागा मिळते. चौकशीचं सगळं काम तुझ्याच अंगावर.

आता क्रम मला विचारलास म्हणून सांगते. आधी शाखा ठरव, कारण एकाच कॉलेजात सर्जरीची आणि पॅथॉलॉजीची सुट्टी एक नसते. तुला मेडिसिनच हवं असेल तर रजेसाठी दुसरं काही घेऊ नकोस, तीन वर्षं संपतात आणि शाखा उरते. मग माणसं किती, ते बघ. ही दोन्ही सारखी निघाली तर अंतर मोज. मुंबईहून इथे यायला एक रात्र आणि परतायला एक. एका दिवसाची सुट्टी गाडीतच संपते. आपला नाका अकोला-नांदेड रस्त्यावर आहे. दोन्हीकडून ड्यूटी संपवून निघालीस तर रात्रीचं जेवण घरी होतं, हळद शिजवायच्या दिवसांत बाबांना भेटून दुसऱ्या दिवशी परतही जाता येतं. माझ्या मते अशी मिळालेली एक सुट्टी मुंबईच्या चार सुट्ट्यांइतकी पुरते.

थर्ड इयरला गेलीस की ड्यूटीचा तक्ता लावायचं काम बहुधा तुझ्याकडे येईल. त्या दिवशी फर्स्ट इयरच्या सुट्ट्या आधी लिही आणि बाकीचं काम त्यांच्याभोवती बसव. पाचही ठिकाणच्या सेकंड इयरशी बोलून झालं की काय उत्तरं आली ते कळव, मग पसंतीक्रम मिळून भरू.

तुझी,
मावशी