रात्रीचं पाणी

दादा तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचे. 1984 साली सरकारनं शाळांसाठी 'क्लास' नावाची संगणक योजना काढली, त्यात त्यांच्या शाळेला बीबीसी मायक्रो हे विलायती यंत्र मिळालं. रॅम अवघी 32 केबी. शाळा सुटल्यावर दादा त्यावर आमच्या सामाईक विहिरीच्या पाळ्या काढायचे. चार हिस्सेदार, मोटार एक, वीज कधी दिवसा कधी रात्री. भांडणं नकोत म्हणून यंत्रानं काढायचं, ते सगळ्यांनी मानायचं. पुढं शाळेनं यंत्र भंगारात काढलं, ते दादांनीच लिलावात घेतलं.

दादा गेल्यावर ते माळ्यावर होतं. पुतण्यानं वीजपुरवठ्याचे जुने कपॅसिटर बदलून ते चालू केलं. दादांचा प्रोग्राम एका कॅसेटमध्ये होता, आणि टेप इतकी जुनी की एकदा वाजेल, परत वाजेल याचा भरवसा नाही. म्हणून वाचल्याबरोबर तो मेमरी कार्डावर उतरवायचा होता. कार्ड ही चीज या यंत्राला ठाऊकच नाही. ती विद्या घातलेली रॉम चिप पुतण्यानं पुण्याहून आणली. रॉम म्हणजे यंत्राचं पाठांतर, वीज गेली तरी न विसरणारं.

मागचे दोन, खालचे दोन स्क्रू काढले. कीबोर्ड बाजूला केला. उजव्या अंगाला चिपांच्या खोबणी ओळीनं. नव्या चिपेच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी, तिच्यावर कागद चिकटवलेला. आठवडाभर कडक ऊन लागलं तर आतलं सगळं पुसलं जातं म्हणे. आम्ही आयुष्यभर उन्हाच्या जिवावर जगलो, म्हणून मला याची गंमत वाटली.

पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्हीच बसवा." मोसंबीला डोळे बांधणारी बोटं माझी. चिपेला 28 पाय, नवे पाय जरा फाकलेले असतात. आधी नळाला हात लावून अंगातली वीज घालवली, मग टेबलावर टेकवून दोन्ही रांगा सरळ केल्या. अर्धचंद्राची खूण यंत्राच्या मागच्या बाजूला. एकेक पाय भोकात आलाय का बघत दोन्ही टोकांनी थोडं थोडं दाबलं. घाईनं दाबलं तर एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि वरनं कळतसुद्धा नाही.

बटण दाबलं, यंत्र दोन सुरांत बोललं. हेल्प विचारल्यावर यादीत नव्या चिपेचं नाव आलं. मग कॅसेट लावली. टेप किरकिरली, पण शेवटपर्यंत गेली. कार्डावर उतरली.

पुतण्यानं प्रोग्राम पडद्यावर ओळीनं काढला. तिघांच्या पाळ्या हिशेबानं निघत होत्या. दादांच्या नावापुढं हिशेबच नव्हता. रात्रीची वीज असलेला आठवडा आला की पहिली पाळी त्यांची, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलेलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बॅटरी घेऊन जायचे. मी चिडले की म्हणायचे, यंत्रानं दिलंय, मी काय करू?"