फादर जेवले का?

मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या देवळातले गुरव आजारी पडले, किंवा मशिदीतल्या मौलवींना ताप आला, तर त्यांची चौकशी करायला कोण जातं? जरा आठवून पाहा. आपण त्यांच्याकडे जातो ते बहुतेक आपलंच काहीतरी गाऱ्हाणं घेऊन. मुलीचं लग्न जमत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही, घरात कोणी गेलेलं आहे. त्यांना रात्री झोप लागली की नाही, हे कोण विचारतं? आम्हा कॅथलिकांमध्ये तर हे आणखीच खरं. आमच्या धर्मगुरूंना बायको नाही, मुलंबाळं नाहीत. चर्चच्या मागे त्यांचं घर असतं, आणि गावाला वाटतं, फादरांना काय कमी आहे!

मी वसईची. माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे आमची उपासना, शुद्ध मराठीतून होते आणि घरातली भांडणं कादोडी बोलीतून! एका चर्चच्या परिसरातली सगळी कुटुंबं मिळून जो होतो त्याला आम्ही धर्मग्राम म्हणतो. त्याचा कारभार प्रमुख धर्मगुरू पाहतात, मदतीला एखादे तरुण साहाय्यक फादर असतात. गेल्या मे महिन्यात आमच्या प्रमुख फादरांची बदली झाली. निरोप समारंभात पाच भाषणं झाली. नवी फरशी, चर्चचा रंग, सभागृहाचे पंखे, सगळ्याचा उल्लेख झाला. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांबद्दल मात्र एकच वाक्य, ‘कोरोनाच्या कठीण काळातही फादरांनी आपल्याला आधार दिला.’ दिला, हे खरंच आहे. पण आधार देणाऱ्याला आधार कोणी दिला, ते त्या माइकवरून कोणी बोललं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

त्या वर्षी २६ फेब्रुवारीला भस्म बुधवार झाला आणि आमचा उपवासकाळ सुरू झाला. महिनाभरात सगळं बंद! २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या. वसईच्या माणसाला लोकल थांबणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. आमची भाजी, केळी, फुलं सगळी मुंबईच्या बाजारावर जगतात. वाडीतला मोगरा तसाच वेलीवर सुकला. २५ तारखेपासून टाळेबंदी. फादरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाई त्याआधीच आपल्या गावी गेल्या होत्या, आणि साहाय्यक फादर आजारी वडिलांना पाहायला गेले ते तिकडेच अडकले. एवढ्या मोठ्या घरात साठी उलटलेले फादर एकटे.

गावात जो तो एकच विचारत होता, मिस्सा कधी सुरू होणार? आमच्या सासूबाईंनी चौथ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता विचारलं, “अगं, फादर जेवले का?”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच राहिलो. मग मी फोन केला. फादर म्हणाले, “जेवतो ना, बिस्किटं आहेत, दूध आहे.” माणसाच्या घरात दूध-बिस्किटं आहेत म्हणजे तो जेवतो, असं पुरुषच म्हणू जाणे! त्याच दुपारी तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण फाटकाच्या खांबावर ठेवून आले. तेव्हा ताजी मासळी कुठली? होड्याही बंदच होत्या.

तिथून डब्याची वही सुरू झाली. माझ्या शाळेतली एक कोरी शंभर पानी वही घेतली. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास झाला तर पैसे. वहीत वार मांडले, चौदा घरं झाली. कोणाच्या घरी कोणी खोकलं तर तिने सरळ फोन करायचा आणि पुढचीने वार उचलायचा, लाजायचं नाही. शुक्रवारी मांसाहार नाही. डबा खांबावर ठेवायचा, घंटी वाजवायची आणि दहा पावलं मागे व्हायचं. डबा उकळत्या पाण्यातून काढून मगच घरात घ्यायचा. पहिल्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस वालाचं बिरडं गेलं, म्हणून चौथा रकाना आखला, ‘काय दिलं’. हसू नका, वही अजून माझ्याकडे आहे.

झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि १२ एप्रिलला ईस्टर. ह्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नसते. त्या वर्षी फादरांनी रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण केली, आणि एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने खिडकीबाहेर उभं राहून ती मोबाईलवर दाखवली. त्याआधी २७ मार्चला रोममध्ये पोप फ्रान्सिस भर पावसात सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात एकटे उभे राहिलेले जगाने पाहिले होते. ते आता हयात नाहीत, पण ते दृश्य कोण विसरेल? सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्यावर छत्री तरी धरायची कोणीतरी.” त्यांना पोपही भिजलेला दिसतो, त्याला मी काय करणार!

म्हाताऱ्या बायकांना मोबाईलवरची मिस्सा पटेना. ‘टीव्हीसारखं बसून देवाला काय पाहायचं?’ मग मी त्यांना मिलानची गोष्ट सांगितली. इटलीतल्या त्या शहरात १५७६ साली प्लेग आला, लोकांना घरात कोंडून घ्यावं लागलं. तिथले आर्चबिशप होते चार्ल्स बोरोमिओ, पुढे संत झाले. त्यांनी चौकाचौकात वेद्या उभारून तिथे मिस्सा सुरू केल्या, म्हणजे लोकांना आपापल्या खिडकीतून सहभागी होता यावं. मुंबईत वांद्र्याला गल्लीबोळांतून जे जुने क्रूस दिसतात, त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगनंतरचे. तेव्हा खिडकी होती, आता मोबाईल! एवढं सांगितल्यावर आमच्या मागच्या वाडीतल्या मावशी रविवारी सकाळी अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून फोनसमोर बसू लागल्या.

आता पैशाचं बोलते. बायकांनी पैशाचं बोलू नये असं म्हणणाऱ्यांनी ही दोन परिच्छेदांची मजल सोडून द्यावी. धर्मग्राम चालतो तो मुख्यतः रविवारच्या दानावर. दारं बंद म्हणजे दान बंद. पण चर्चचं वीजबिल बंद होत नाही, वेदीची मांडामांड करणाऱ्या काकांचं घर थांबत नाही, कबर खणणाऱ्याचा रोज थांबत नाही. उलट त्याचं काम वाढणार होतं, हे तेव्हा कोणाला माहीत! शिवाय फादरांकडे रोज कोणी ना कोणी तांदूळ मागायला येत होतं, आणि त्यात जात-धर्म पाहायची चाल आमच्याकडे नाही.

माझे तास बंद झाले तसा माझा पगारही बंद झाला होता, तेव्हा बिनपगारी महिना कसा जातो ते मला चांगलं ठाऊक होतं. आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी घरटी एक पाकीट दिलं. आत किती ते कोणी विचारायचं नाही, वर नाव लिहायचं नाही. ज्याला शक्य नाही त्याने रिकामं परत करायचं, म्हणजे कोण देतं, कोण नाही ते कळतच नाही. धर्मग्रामाच्या अर्थसमितीतले दोघे आधी नाराज होते, पावती नसेल तर हिशेब कसा? मग फादरांसमोर पाकिटं उघडायची आणि एकूण रक्कम फलकावर लावायची असं ठरलं. पहिल्या महिन्यात काका आणि कबर खणणारे, दोघांचे पगार निघाले. एका पाकिटात दहाची नोट होती आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी, ‘पुढच्या महिन्यात जास्त देईन.’

आणि तरी बोलणारे बोलतच होते. “फादर घरात बसून करतात काय?” आमचे हे कधी कोणाशी भांडत नाहीत, पण नाक्यावर एकाला म्हणाले, “दारावर जाऊन विचार की, दहा पावलांवरून.”

काका काही दिवस तापाने घरी होते तेव्हा चर्चची घंटा फादर स्वतःच वाजवायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. वसईच्या घंटांचं काय विचारता! १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा ते विजयाची खूण म्हणून घेऊन गेले. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. कधी गेलात तर ऐका, ती आमच्या घरची लेक आहे! तर सांगत होते ते असं की, टाळेबंदीत संध्याकाळची घंटा झाली की गावाला कळायचं, फादर ठीक आहेत. जूनमधल्या एका संध्याकाळी घंटा झालीच नाही. दहा मिनिटांत माझ्या फोनवर सात फोन! हे छत्री घेऊन धावत गेले. फादर जिन्यावरून घसरले होते, पाय मुरगळला होता, एवढंच. पण त्यानंतर काकांचा मुलगा रात्री त्यांच्या पडवीत झोपू लागला.

१६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला, सगळी प्रार्थनास्थळं उघडली. आम्हाला वाटलं, सुटलो. पुढचा ईस्टर ४ एप्रिल २०२१ चा, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुलूप. त्या एप्रिल-मे महिन्यांबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे. तुमच्याही गावात काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भारतात त्या दोन महिन्यांत शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरू कोरोनाने गेले. आमचे फादर एकेका दिवशी दोन-दोन अंत्यविधी करत होते, त्या पांढऱ्या पोशाखात घामाने निथळत. वीसच माणसांना परवानगी, आणि कित्येकदा वीसही नसायची.

आमच्या शेजारच्या घरातली आई हॉस्पिटलात गेली आणि तिचं परस्पर दहन झालं. मुलगा वेडापिसा झाला. ख्रिस्ती माणसाला माती मिळाली नाही! त्याला वाटलं, आईचं पुढचं सगळंच संपलं. फादर त्यांच्या अंगणात भर उन्हात उभे राहिले आणि समजावून सांगितलं. दहनाला रोमने १९६३ सालीच मुभा दिली आहे. २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे, अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, विखरायच्या नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या. चौथ्या दिवशी तो कलश नवऱ्याच्या कबरीत ठेवला, सगळ्या प्रार्थनांसह. मुलगा त्या रात्री जेवला.

फादर मात्र जेवले नाहीत. डबा तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही तसाच. बुधवार माझा होता. मी फोन केला तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर तुम्हा सगळ्यांना आशेचे दोन शब्द सांगायचे असतात. आज माझ्याकडे नाहीत.”

मी बी.ए. झालेली बाई, वर्गात पन्नास पोरांपुढे बोलते, पण मला काही सुचेना. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “नसतील तर नका सांगू,” त्या म्हणाल्या, “आज जपमाळ आम्ही म्हणतो. तुम्ही ऐका, नाहीतर झोपा. पण आधी जेवा.”

सात वाजता फोनवर चाळीसएक घरं जोडली गेली. चौथी शिकलेल्या सासूबाईंनी जपमाळ चालवली. मध्येच कोणाचा कुकर शिट्टी देत होता, कोणाचं पोर रडत होतं. सुरुवातीला एक-दोघांनी कुरकुर केली की फादर कुठे आहेत? मागच्या वाडीतल्या मावशींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “फादर ऐकतायत. आज त्यांची पाळी ऐकायची.” पुढे आठ दिवस रोज वेगवेगळ्या बायकांनी जपमाळ म्हटली. त्या आठवड्यातला एक अंत्यविधी शेजारच्या धर्मग्रामातल्या फादरांनी येऊन केला. आमच्या ह्यांनीच जाऊन त्यांना विनंती केली होती. नवव्या दिवशी सात वाजता फादरांचा आवाज आला. त्यांनी काही मोठं सांगितलं नाही. केळफुलाच्या भाजीत मीठ जरा जास्त होतं, असं म्हणाले! चाळीस घरांत हसू फुटलं, आणि जिने भाजी दिली होती ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, दारं पुन्हा उघडली ती उघडलीच. डब्याची गरज उरली नाही, स्वयंपाकाच्या बाई परत आल्या. सोमवार मात्र फादरांच्या सुट्टीचा, त्या दिवशी कोणी काम घेऊन जायचं नाही, हे तेव्हापासून लागलेलं वळण आजही आहे. ज्यांना सुट्टी खुपते त्यांना आम्ही वही दाखवतो.

नवे फादर आले ते मधुमेहाचे. स्वयंपाकाच्या बाई रविवारी येत नाहीत, म्हणून जुन्याच वहीत नवं पान काढलं आहे. भात कमी, भाकऱ्या दोन, गोड नाही. पहिला रविवार सासूबाईंनी मागून घेतला.