किल्लारी नकाशात कुठे होती?

चळवळ म्हटलं की मोर्चा, घोषणा, फार तर साखळी उपोषण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यामुळे ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाच्या तयारीला बोलावणं आलं तेव्हा वाटलं, सतरंज्या अंथरायच्या, चहाचं बघायचं, पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचा आणि मागच्या रांगेत बसायचं. मी नांदेडला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघते. विज्ञान दहावीला सोडलं ते सोडलंच. पण वजिराबादेतल्या त्या छोट्या खोलीत भौतिकशास्त्राचे एक निवृत्त सर होते, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात कागद ठेवला. ‘ताई, बेकेरेल, ग्रे आणि सिव्हर्ट. तिन्हींतला फरक शेतकऱ्याला कळेल असा लिहून आणा.’

म्हटलं, सर, आधी हिशेबवालीला कळू द्या.

घरी पुस्तक उघडलं. बेकेरेल म्हणजे सेकंदाला किती अणुकेंद्रं फुटली. ग्रे म्हणजे किलोमागे किती ऊर्जा शोषली गेली. सिव्हर्ट म्हणजे त्यातून शरीराला किती अपाय झाला. तिन्ही व्याख्या पाठ झाल्या, कळली एकही नाही. शेवटी मी माझ्या पद्धतीनं मांडणी केली: दुकानातून माल किती सुटला ते बेकेरेल, त्यातला घरात किती पोचला ते ग्रे, आणि तो खाऊन पोट किती बिघडलं ते सिव्हर्ट. सर पोट धरून हसले, पण पोस्टरवर तेच लिहायला लावलं.

खरी पंचाईत पुढे झाली. सरांकडे किरणोत्सार मोजण्याचं एक छोटं यंत्र आहे, टकटक करणारं. मला वाटलं, आपल्याकडे कुठला अणुप्रकल्प, यंत्र गप्प राहील. ते कुठेच गप्प राहिलं नाही. लातूरच्या काळ्या खडकावर टकटक, माझ्या खोलीत टकटक. देगलूरकडे गेलो तर ग्रॅनाइटच्या पाषाणाजवळ जरा जास्तच. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला काळा बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. त्यात युरेनियम-थोरियमचा अंश बेसाल्टपेक्षा जास्त असतो, हे सर सांगत होते. माझ्या मनात मात्र वेगळंच. किरणोत्सार सगळीकडेच आहे, केळ्यात आहे, आपल्या हाडांत आहे, तर मग अणुभट्ट्यांना विरोध कशाला करायचा? सतरंजी गुंडाळून घरी जावं का?

सरांना विचारलं तर चिडले नाहीत. म्हणाले, ‘हा प्रश्न सभेत कुणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा.’ आणि उत्तर मलाच शोधायला लावलं. शोधलं ते असं: खडकातला युरेनियम-थोरियमचा अंश बहुतांशी खडकातच बसून आहे. अणुभट्टीत युरेनियम फुटलं की निघणारे सिझियम-१३७, स्ट्राँशियम-९० यांची निम्मी मात्रा संपायला तीसेक वर्षं लागतात. शिवाय स्ट्राँशियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडांत जाऊन बसतं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, पण तेवढ्यात लहान मुलांच्या थायरॉइडमध्ये शिरलेलं असतं. आणि प्लुटोनियम-२३९. त्याचं निम्मं आयुष्य २४,१०० वर्षं. आमच्या ऑफिसात आठ वर्षांपूर्वीच्या फाइली कुठे ठेवायच्या यावर भांडणं होतात. चोवीस हजार वर्षांची फाइल कोण सांभाळणार?

भारतात वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करून प्लुटोनियम वेगळं काढतात, आणि उरलेला जहाल कचरा काचेत गोठवून तारापूर, तुर्भे यांसारख्या ठिकाणी साठवतात. हे काम कुशलतेचं आहे, हे विरोधकही नाकारत नाहीत. पण त्या काचेला कायमची जागा आपल्याकडे अजून तयार नाही. फिनलंडनं त्यासाठी चारशे मीटरहून खोल खडक खोदला. आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम विजेच्या कामाचं तसं बॉम्बच्याही कामाचं. १८ मे १९७४ला पोखरणमध्ये उडवलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तुर्भ्याच्याच सायरस अणुभट्टीतलं होतं, आणि ती भट्टी कॅनडानं शांततेच्या कामासाठी दिली होती. हे वाचलं तेव्हा ‘वीज वेगळी, बॉम्ब वेगळा’ हा माझा सोयीचा कप्पा मोडला.

आनंद पटवर्धनांचा ‘जंग और अमन’ आम्ही तयारीत पाहिला. १९९८च्या चाचण्यांनंतरचा जल्लोष, पाकिस्तानातली माणसं, जपानमधले वाचलेले, आणि झारखंडातलं जादूगोडा, जिथं १९६७पासून युरेनियमची खाण आहे आणि खाणीचा गाळ गावांशेजारच्या तळ्यात साठवतात. सेन्सॉरनं या चित्रपटाला भरमसाठ कात्र्या सुचवल्या होत्या. २००३मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो एकही काप न देता सोडला. मला सगळ्यात लागलं ते मे १९९८चे पेढे. तेव्हा मी शाळकरी होते आणि आमच्या पुनर्वसित गावातही पेढे वाटले होते. गोड लागले होते, हे मी नाकारणार नाही.

पत्रकं वाटायला आम्हाला लातूरच्या गंजगोलाईत उभं केलं. सोळा रस्ते एकत्र येतात तिथं माणसांची कमी नसते. लोक पत्रक घेत, हिरोशिमात बॉम्ब पडला त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली हे वाचत, चुकचुकत आणि मग ठरलेला प्रश्न विचारत: ‘ते खरंय, पण पाकिस्तानकडं आहे त्याचं काय?’ याला चपखल उत्तर माझ्याकडे नव्हतं. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७मध्ये झाला, २०२१मध्ये लागू झाला, आपण आणि पाकिस्तान दोघंही बाहेर, हे मी सांगे. २०२४चं शांततेचं नोबेल जपानच्या बॉम्बपीडितांच्या निहोन हिदान्क्यो या संघटनेला मिळालं, हेही सांगे. एक मिरचीवाले काका म्हणाले, ‘बॉम्ब पडला तर कुणाचा पडला हे बघायला कोण उरतंय?’ आणि पत्रकाची सुरळी करून त्यात मिरच्या बांधून दिल्या. आमच्या संघटनेतल्या कुणालाही असं बोलता आलं नसतं.

आणखी एक घोळ औंढ्याचा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय. त्या प्रकल्पाशी अणुऊर्जा विभागाचं नाव जोडलेलं असल्यामुळे पत्रक वाचून लोक विचारत, ‘मग ते औंढ्याचं बंद पाडायचं का?’ मलाही क्षणभर शंका आली. तिथं अणुभट्टी नाही, बॉम्ब नाही. दूर अवकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की उठणाऱ्या गुरुत्वलहरी मोजायची ती यंत्रणा आहे. खर्च २,६०० कोटी. हा आकडा मी वहीत टिपून ठेवला.

आता किल्लारी. माझं गाव तिच्याच औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली तेव्हा मी तीन वर्षांची होते. रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते पत्र्याचं शेड आणि उन्हाळ्यात तापलेला पत्रा. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदावरची माती अंगावर येऊन माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. हे सगळं ऐकून मोठी झाले. पण सभेच्या तयारीत सरांनी एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती: भूकंपाआधीच्या सरकारी नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होती. म्हणजे देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. दख्खनचं पठार स्थिर, असं तज्ज्ञ मानत. २००२च्या नकाशातून झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि आमचा भाग झोन तीनमध्ये गेला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेल्यावर नकाशा दुरुस्त झाला.

त्याच नकाशात, त्याच झोन तीनमध्ये, अणुप्रकल्पासाठी निवडलेलं जैतापूर आहे.

तिकडे जायचं ठरलं तेव्हा कोल्हापूरवरून अणुस्कुरा घाटानं राजापूरला उतरलो. माडबनचा सडा म्हणजे लालसर जांभ्याचं उघडं पठार, खाली समुद्र. आमच्याकडच्या माणसाला ओसाडच वाटावं. पण खाली कलमांच्या बागा आणि पलीकडे साखरी नाट्याचं मच्छीमारी बंदर. इथं १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, उभ्या करायचं ठरलं. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरचावाडा या भागातली साडेनऊशे हेक्टरच्या आसपास जमीन घेतली. २०१०च्या नोव्हेंबरात ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी येऊन करार करून गेले. मार्च २०११मध्ये फुकुशिमा झालं. १८ एप्रिल २०११ला नाट्याच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. त्याच आठवड्यात निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत, ॲडमिरल रामदास वगैरे मंडळी तारापूर ते जैतापूर यात्रेला निघाली. नौदलाचा प्रमुख राहिलेला माणूस अण्वस्त्रांविरुद्ध बोलत होता, ही गोष्ट मला गंजगोलाईत उभं राहायच्या आधी कळायला हवी होती.

मी तिथं प्रश्न विचारायला गेले होते, पण उलटंच झालं. मी लातूरची म्हटल्यावर ओटीवर बसलेले एक आजोबा सरसावून बसले.

‘किल्लारीच्या जवळची?’

‘तालुक्यातलीच.’

‘आधी आवाज येत होते म्हणतात ते खरं काय?’

खरं होतं. १९९२च्या ऑगस्टपासून जमिनीतून गडगड येत होती, ऑक्टोबरात एक बरा धक्काही बसला होता. माय सांगते, लोक काही दिवस अंगणात झोपले, मग थंडी पडली तसे आत गेले. आजोबांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं: ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. माडबनपासून कोयना सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. फडताळातली भांडी खाली आली होती. मीही सांगितलं, १० जुलै २०२४ला हिंगोलीकडे ४.५चा धक्का झाला तेव्हा नांदेडला माझ्या खोलीतली भांडी वाजली. बेकेरेल, ग्रे, सिव्हर्ट यांतलं काही न लागता तासभर बोलणं झालं.

प्रकल्पाची बाजूही मी वाचली आहे. सडा समुद्रापासून उंच आहे, त्सुनामी तिथं पोचणार नाही. भट्ट्यांची रचना भूकंप गृहीत धरूनच केलेली असते. असेल. फुकुशिमाची रचनाही त्सुनामी गृहीत धरूनच केली होती. गृहीत धरलेली लाट आलेल्या लाटेपेक्षा लहान निघाली. शिवाय ज्यांनी तपासायचं त्या अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य नाही, असं २०१२मध्ये महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालानंच म्हटलं. लेखापरीक्षकाचा शेरा माझ्यासाठी शास्त्रज्ञाच्या शेऱ्याहून वजनदार, धंदाच तो.

तरी विजेचं काय, या प्रश्नावर मी चळवळीतल्या सगळ्यांइतकी ठाम नाही. आमच्या शेजारी परळीचं वीजकेंद्र आहे. कोळशाच्या राखेनं तिथली झाडं, छपरं, माणसांच्या छात्या कशा झाल्या ते पाहायला दूर जावं लागत नाही, आणि २०१३च्या दुष्काळात पाणीच नाही म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले. दामोदर कोसंबी साठ-सत्तर वर्षांपूर्वी सांगत होते की भारतानं अणूपेक्षा सूर्याकडे पाहावं. गणितज्ञाचं ते म्हणणं मराठवाड्याच्या उन्हात उभं राहिलं की पटतं. रात्रीच्या विजेचं विचारलं की सरांचं आणि माझं भांडण होतं. बॉम्बबद्दल मात्र माझ्या मनात शंका उरली नाही, मिरचीवाल्या काकांमुळे म्हणा हवं तर.

सभा झाली. माणसं मोजकी आली. मी पोस्टर धरलं, पोटाचं उदाहरण दिलं, लोक हसले. पण त्यानंतर मी वहीतले आकडे काढले. २०१०च्या अणुदायित्व कायद्यात अपघात झाल्यास प्रकल्प चालवणाऱ्यावर भरपाईची कमाल जबाबदारी होती १,५०० कोटी. गुरुत्वलहरी मोजायच्या औंढ्याच्या प्रकल्पाचा खर्च २,६०० कोटी. आणि म्हातारी झालेली अणुभट्टी मोडायचा खर्च भागावा म्हणून विजेच्या युनिटमागे वसूल करायचे ते २ पैसे. सभागृहात मागे बसलेल्या एका किराणा व्यापाऱ्यानं लगेच विचारलं, ‘दोन पैशात मोडतोड होत असेल तर चोवीस हजार वर्षांच्या राखणदारीचे किती पैसे धरलेत?’ सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात हा हिशेब घालायचा की नाही यावर सध्या आमच्यात वाद चालू आहे. सरांचं म्हणणं, आकडे दिसले की लोक पत्रक वाचत नाहीत, फोटो टाका. मी म्हणते, जुन्या मोंढ्यात वाटून बघू, तिथं आकडे आधी वाचतात. कच्चा मसुदा मी केलाय. त्यात किल्लारीचा झोन एक सगळ्यात वर घेतलाय आणि सिव्हर्ट अजिबात नाही.