यान्टोच्या भिंतीपाशी

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून गाडीत बसलं की साधारण दोन तासांत कार्डिफ येतं. सेव्हर्न नदीखालचा लांबलचक बोगदा ओलांडला की वेल्स सुरू होतं आणि पाट्या दोन भाषांत बोलू लागतात. कार्डिफचं 'कायरदीद' होतं. रस्त्यावर 'स्लो'च्या जोडीला वेल्श भाषेतलं 'आराव' रंगवलेलं दिसतं. आपल्याकडचा प्रवासी इथं फारसा उतरत नाही. उतरलाच तर किल्ला पाहतो, रग्बीच्या मैदानाबाहेर फोटो काढतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो. त्याला एवढंच सांगावंसं वाटतं, की बाबा रे, किल्ल्यापाशी थांबू नकोस. बस धर, नाही तर टाफ नदीतून जाणारी होडी पकड, आणि दक्षिणेला खाडीकडे जा.

ही खाडी एकेकाळी कोळशावर जगली. वेल्सच्या डोंगरदऱ्यांतून निघालेला कोळसा इथूनच जगभर जाई. पहिली मोठी गोदी १८३९ साली बांधली गेली आणि १९१३ या एकाच वर्षात इथून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर पडला. मग जहाजं तेलावर चालू लागली, गिऱ्हाईक आटलं आणि १९६४ च्या सुमारास कोळशाची निर्यात थांबली. मागं उरला तो चिखल आणि पडीक गोदामं. १९९९ मध्ये खाडीच्या तोंडाशी बंधारा पूर्ण झाला, चिखलाच्या जागी गोड्या पाण्याचं सुमारे दोनशे हेक्टरांचं तळं झालं आणि काठावर उपाहारगृहं आली. जुन्या गोदीचं लंबगोल कुंड बुजवून तिथं चौक केला आणि त्याला कार्डिफमध्ये जन्मलेल्या रोआल्ड डाल या लेखकाचं नाव दिलं. त्याचे आईवडील नॉर्वेचे, म्हणून चौकासाठी नॉर्वेजियन भाषेतला 'प्लास' हा शब्द. चौकाच्या एका टोकाला सुमारे सत्तर फूट उंचीचा चकाकता मनोरा आहे. त्याच्या अंगावरून पाणी ओघळण्याची सोय केलेली आहे.

आता गंमत ऐका. या मनोऱ्याखाली, जमिनीच्या पोटात, परग्रहवासीयांपासून पृथ्वीचं रक्षण करणाऱ्या गुप्त संघटनेचं मुख्यालय होतं, असं पक्कं 'माहीत' असलेली माणसं जगात हजारोंनी आहेत!

त्याचं असं झालं. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानमालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निळ्या पोलिस पेटीतून काळाच्या मागंपुढं फिरणारा परग्रहावरचा डॉक्टर हा तिचा नायक. मरायला टेकला की तो नवं शरीर धारण करतो, त्यामुळे नट बदलला तरी मालिका चालूच. १९८९ मध्ये ती बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा आली, ती मात्र कार्डिफमध्ये तयार होऊन. हिला वेळोवेळी फांद्या फुटल्या. २००६ साली आली 'टॉर्चवुड', रात्री नऊनंतर दाखवायची, मोठ्यांसाठीची. इंग्रजीत 'डॉक्टर हू'चीच अक्षरं उलटसुलट केली की हे नाव तयार होतं. २००७ साली आली मुलांसाठीची 'सेरा जेन ॲडव्हेंचर्स'. २०१६ मध्ये 'क्लास' आली आणि आठ भागांत, गोष्ट ऐन रंगात असताना, संपली.

मी खाडीवर गेलो तो २०१९ च्या ऑक्टोबरात. माझी मावसबहीण कार्डिफच्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. तिची सतरा वर्षांची मुलगी माझी वाटाड्या. "मामा, आधी यान्टोकडे जाऊ या, कॉफी नंतर," असं म्हणत तिनं मला मर्मेड की नावाच्या धक्क्याच्या खालच्या अंगाला, पाण्यालगतच्या लाकडी वाटेवर नेलं.

तिथं एक बंद दार होतं. मालिकेत ते पर्यटन माहिती कार्यालयाचं, म्हणजे गुप्त मुख्यालयाच्या चोरदरवाजाचं दार. त्यामागच्या टेबलापाशी बसायचा यान्टो जोन्स, नीटनेटका सूट घालणारा आणि सगळ्यांना कॉफी करून देणारा वेल्श तरुण. जुलै २००९ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ अर्थ' हे पर्व लागोपाठ पाच रात्री दाखवलं गेलं आणि चौथ्या रात्री यान्टो मेला. परग्रहावरून आलेला शत्रू जगातली दहा टक्के मुलं मागतो आणि कोणती मुलं द्यायची हे मंत्रिमंडळ शाळांच्या निकालांवरून ठरवतं, अशी ती अंगावर काटा आणणारी गोष्ट. पुढच्या काही दिवसांत चाहत्यांनी या दाराशी फुलं ठेवायला सुरुवात केली. मग चिठ्ठ्या आल्या, चित्रं आली, नेकटाय आले. बीबीसीला निषेधाची म्हणून कॉफीची पाकिटं गेली. धक्क्याच्या व्यवस्थापनानं हा पसारा उचलून फेकला नाही. उलट यान्टोनं मुलांसाठी प्राण दिले अशा आशयाची रीतसर पाटी लावली. मी गेलो तेव्हा दहा वर्षं उलटली होती आणि भिंत वरपासून खालपर्यंत भरलेली होती. न जन्मलेल्या माणसाचं स्मारक मी पहिल्यांदाच पाहत होतो. आधी हसू आलं, मग हातातला कॅमेरा उगीचच खाली घेतला.

तिथं एक साठी ओलांडलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी पहिला डॉक्टर लहानपणी काळ्यापांढऱ्या पडद्यावर पाहिलेला. फांद्यांवर त्यांचा विश्वास नाही. १९८१ मध्ये यांत्रिक कुत्र्याला घेऊन एक उपमालिका काढायची ठरली होती आणि नाताळातल्या एका भागापलीकडे ती गेली नाही, हा त्यांचा आवडता दाखला. खरी गोष्ट ती मूळ मालिकेतली, बाकी सगळी दुकानदारी, असं त्यांचं ठाम मत.

माझी भाची अशा मताला गप्प बसणारी नव्हे. तिनं त्यांना १९९५ च्या एका कादंबरीची आठवण दिली. मालिका बंद असताना निघालेली ती कादंबरी, पण २००७ मध्ये तिच्यावरूनच मूळ मालिकेचे दोन भाग बेतले गेले. आणि २०१३ च्या एका छोट्या भागात आठव्या डॉक्टरनं मरता मरता जी सोबत्यांची नावं घेतली, ती फक्त ध्वनिनाट्यांतली होती, त्याचं काय? गृहस्थांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. कुठली गोष्ट अधिकृत याचा शिक्का बीबीसीनं कधीच मारलेला नाही, त्यामुळे ही भांडणं मिटायचं नाव घेत नाहीत. आपल्याला हे नवं नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, तेव्हापासून आपल्या घराघरांत कर्णासाठी जे डोळे ओले होतात, ते व्यासांच्या कर्णासाठी की सावंतांच्या?

खरा पेच मात्र तिसऱ्याच व्यक्तीनं घातला. ती तिशीतली वेल्श बाई, शेजारच्याच एका दरीतल्या गावची. खिशातून घडी घातलेला टाय काढून तिनं जाळीला बांधला. यान्टो हा तिच्यासारख्याच उच्चारांत बोलणारा, सरकारी चाळीतून आलेल्या कुटुंबातला मुलगा. त्याचं आणि कॅप्टन जॅकचं प्रेम मालिकेनं आडपडदा न ठेवता दाखवलं. तिचा भाऊ तिच्याबरोबर मालिका बघायचा आणि घरच्यांना स्वतःविषयी जे सांगायचं त्याला कधी जमलं नव्हतं, ते त्यानं त्या जुलैत सांगितलं. घरी काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

आणि तिचं भांडण होतं ध्वनिनाट्यांशी. २०१५ पासून 'टॉर्चवुड'ची नवी ध्वनिनाट्यं निघू लागली. त्यांत यान्टो आहे, आवाजही त्याच नटाचा, फक्त गोष्टी त्याच्या मृत्यूच्या आधीच्या. भाची ती आवडीनं ऐकते. त्या बाईनं एकही ऐकलेलं नाही. तो दर काही महिन्यांनी नव्या गोष्टीत बोलू लागला तर या भिंतीला काय अर्थ राहिला, असा तिचा सवाल. भाचीचं म्हणणं वेगळं. गेलेल्या माणसाच्या जुन्या ध्वनिफिती आपण ऐकतोच ना? पण त्या खऱ्या असतात, असं बाई म्हणाली. यावर म्हातारबुवा खदखदून हसले, कारण मूळ वाद तिथूनच तर सुरू झाला होता.

माझं मत विचाराल तर 'चिल्ड्रन ऑफ अर्थ' मूळ मालिकेच्या बऱ्याच भागांहून सरस आहे. २०११ चं पुढचं पर्व अमेरिकेत गेलं, दहा भागांपर्यंत ताणलं गेलं आणि फिकं पडलं. कार्डिफ सुटलं आणि चव गेली. ध्वनिनाट्यांबाबत मात्र मला त्या बाईची बाजू पटली. हे भाचीला सांगितल्यावर तिनं कॉफीचं बिल माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पलीकडच्या पेनार्थ गावी गेलो. सेरा जेनचं घर गोष्टीत लंडनच्या ईलिंगमध्ये आहे, चित्रीकरण इथलं. समोरच्या घरात राणी चंद्रा राहते. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आईचं फुलांचं दुकान. २००८ साली राणी पडद्यावर आली तेव्हा भाची सहा वर्षांची होती, आणि शाळेतल्या मुली खेळताना तिला कधी नव्हे ती नायिका करू लागल्या. सेरा जेनची भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन एप्रिल २०११ मध्ये वारल्या आणि मालिका थांबली. ते दुःख खऱ्या माणसाचं होतं, त्यावर कुणी वाद घातला नाही.

गल्ली अगदी साधी निघाली. घरांत माणसं राहतात, म्हणून आम्ही फोटो काढला नाही. पलीकडच्या पदपथावर उभं राहून भाचीनं मला माळ्याची खिडकी दाखवली. एक बाई कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आल्या, आमच्याकडे बघून ओळखीचं हसल्या आणि आत गेल्या.